चाळीस बगळे की चार जातींचे बगळे? सारखे दिसणारे पाणथळ पक्षी ओळखण्याचा पाठ



मुलांना बगळा काढायला सांगा. पांढरं अंग, वाकडी मान, पिवळी चोच, एक पाय वर आणि खाली पाण्याच्या दोन निळ्या रेघा. पहिलीच्या मुलाचं आणि सातवीच्या मुलाचं चित्र या बाबतीत फारसं वेगळं नसतं. हीच मुलं गावच्या पाझर तलावावर नेली की वहीत लिहितात, ‘बगळे – ४०’, आणि पुढच्या पक्ष्याकडे वळतात. आपणही त्यावर बरोबरची खूण करतो.

त्या चाळीसांत बहुतेक वेळा तीन-चार जाती मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या नाहीत तर बिघडतं काय, हा प्रश्न पालक विचारतातच, आणि तो रास्त आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, या जानेवारीत तळ्यावर १८ छोटे बगळे, ८ मध्यम, ४ मोठे आणि काठावरच्या गुरांमागे १० गायबगळे आहेत. एकूण ४०. पुढच्या जानेवारीत तळं आटलंय, काठावर नुसतं गवत आहे, आणि तिथे ३६ गायबगळे आणि ४ छोटे बगळे आहेत. एकूण पुन्हा ४०. मुलांच्या वहीत दोन्ही वर्षी एकच ओळ येणार. तळ्याला पाण्यातले मासे-बेडूक खाणारे पक्षी सोडून गेले आणि त्यांच्या जागी गवतातले टोळ खाणारे आले, ही सगळी बातमी ‘बगळे’ या एका शब्दाखाली दबून जाणार. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ साली आपल्या भारतीय उपखंडातूनच ती सुरू झाली. तिच्यात शाळा, हौशी मंडळी, सगळ्यांच्या नोंदी चालतात. म्हणजे मुलांची वही खरोखर कुणाच्या तरी उपयोगाची होऊ शकते. मात्र जात नीट लिहिलेली हवी.

हा पाठ मुख्यतः चार पांढऱ्या बगळ्यांचा आहे. नंतर तीन तुतारींकडे येऊ, कारण हिवाळ्यात तळ्याच्या काठावर मुलांना (आणि आपल्यालाही) सगळ्यात जास्त दमवतात त्या.

रंग आणि आकारमान : दोन्ही प्रश्न जरा मागे ठेवा

नवा पक्षी दिसला की आपण विचारतो, ‘रंग कोणता? केवढा होता?’ झाडावरच्या पक्ष्यांना हे प्रश्न चालतात. पोपट आणि भारद्वाज यांत कुणी गोंधळत नाही. पाणथळीच्या पक्ष्यांना मात्र हे प्रश्न दगा देतात. चारही बगळे पांढरेच, तिन्ही तुतारी तपकिरीच. आणि आकारमानाचं म्हणाल, तर उघड्या पाण्यावर शेजारी काही नसताना ५० सेंमीचा पक्षी कोणता आणि ९० सेंमीचा कोणता हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. उन्हात, तापलेल्या हवेच्या थरथरीत तर नाहीच. दोन पक्षी शेजारी आले की मात्र आकारमानासारखी दुसरी खूण नाही. म्हणून मुलांना सांगावं : एकटा पक्षी असेल तर ‘मोठा’, ‘लहान’ हे शब्द लिहायचे नाहीत. ‘शेजारच्या टिटवीपेक्षा दुप्पट उंच’ असं लिहिता आलं तर लिहायचं.

मग आधी विचारायचं काय? तो उभा कुठे आहे : गवतात, काठच्या चिखलात, की गुडघाभर पाण्यात? करतोय काय : पळतोय, पायाने पाणी ढवळतोय, की पुतळ्यासारखा स्तब्ध आहे? मान अंगाच्या मानाने केवढी? आणि या तिन्हींनंतर चोच, पाय आणि बोटं. मुलांना हा क्रम पटकन जमतो. कारण आधीच्या तीन प्रश्नांना दुर्बीण लागत नाही.

चार पांढरे

गायबगळ्यापासून सुरुवात करा. तो शाळेच्या वाटेवरच भेटतो. इंग्रजीत कॅटल इग्रेट. गुरं चरताना त्यांच्या पायाशी उडणारे टोळ-किडे टिपायचे हा त्याचा धंदा. आता गुरं कमी झाली तशी हीच मंडळी नांगरणाऱ्या ट्रॅक्टरमागे लागलेली दिसतात. लांबी साधारण ५० सेंमी. मान आखूड, अंग ठेंगणं, चोच आखूड, जाड आणि पिवळी. एक खूण मुलांना फार आवडते : चोचीच्या खाली हनुवटीवर पिसांचा फुगवटा असतो, त्यामुळे गालफुगी झाल्यासारखं तोंड दिसतं. चालताना मान पुढेमागे डोलते. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचं डोकं, मान आणि पाठ नारिंगी-पिवळसर होते, हळद लागल्यासारखी. तेव्हा त्याला ओळखायला शिक्षक लागत नाही. हिवाळ्यात तो पुन्हा पांढराशुभ्र होतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

छोटा बगळा, म्हणजे लिटिल इग्रेट, साधारण ६० सेंमीचा. अंगाने सडपातळ, चोच बारीक आणि काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी. काळे बूट घालायच्या ऐवजी पिवळे मोजेच घालून आला असं मुलांना सांगितलं की ती ही जात विसरत नाहीत. चोच बाराही महिने काळी राहते. याची वागणूक दुरूनही कळते. उथळ पाण्यात हा नुसता धावपळ करतो, पंख अर्धवट उघडतो, मध्येच थांबून एक पाय पाण्यात थरथरवतो, म्हणजे गाळात दडलेला मासा हलावा. बगळा म्हणजे ध्यान लावून बसलेला साधू, अशी आपली समजूत. छोटा बगळा ती पहिल्या पाच मिनिटांत मोडून काढतो.

अडचण अशी, की बोटं नेमकी चिखलात असतात. मुलं म्हणतात, ‘सर, बोटं दिसतच नाहीत.’ मग थांबायचं. कधी तरी तो पाय उचलेल. नाही उचलला तर उडेल, आणि उडताना पाय शेपटीमागे ताणलेले असतात, तेव्हा काळ्या नळीच्या टोकाला पिवळा रंग लख्ख दिसतो. चिखलाने बोटंही काळी झालेली असतील तर वहीत ‘बोटं चिखलाने माखलेली’ असंच लिहू द्या. ती चांगली नोंद आहे.

आता राहिले मध्यम बगळा आणि मोठा बगळा. इथे घाई करू नका, एक अख्खी फेरी या दोघांसाठी ठेवा.

हिवाळ्यात दोघांची चोच पिवळी आणि पाय काळे, बोटंही काळी. मध्यम बगळ्याच्या चोचीचं टोक बरेचदा काळपट असतं. मोठा बगळा ९० सेंमीच्या आसपास, मध्यम ६५ ते ७०. दोघे शेजारी असले तर प्रश्नच नाही. एकटा असेल तर मान बघा. मोठ्या बगळ्याची मान अंगापेक्षा स्पष्ट लांब असते आणि मध्येच तिला एक कोन पडलेला असतो, दोरीला गाठ मारावी तसा. मध्यमची मान साधारण अंगाइतकीच, आणि तिचा बाक गोलाईदार. मध्यमचं डोकं गोल आणि चोच त्या मानाने आखूड, मोठ्याचं डोकं चपटं आणि लांब, जणू चोचच डोक्यात शिरली आहे. मोठा बगळा खोल पाण्यात जातो आणि बराच वेळ हलत नाही. मध्यम काठच्या गवतात, भातखाचरात, उथळ पाण्यात एकेक पाऊल टाकत हिंडतो. वागणुकीची ही खूण शंभर टक्के नाही, फक्त मदतीला घ्यायची.

शंभर टक्क्यांच्या जवळ जाणारी खूण तोंडाच्या फटीची आहे. दोन्ही जबड्यांमधली जी काळसर रेघ चोचीपासून गालाकडे जाते, ती कुठे संपते ते बघायचं. मध्यम बगळ्यात ती डोळ्याच्या खालीच थांबते. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्याही मागे जाते. दुर्बिणीतून हे दिसायला पक्षी बराच जवळ हवा, पण झूमच्या कॅमेऱ्यातला एक बरा फोटो मिळाला तर वर्गात पडद्यावर दाखवून दहा मिनिटांत हा पाठ होतो. फोटोत डोळ्यातून खाली एक उभी रेघ काढायची आणि फट तिच्या अलीकडे संपते की पलीकडे, हे मुलांनाच सांगू द्यायचं. भूमितीच्या तासालाही चालेल.

इथवर सगळं हिवाळ्याचं. पावसाळ्यात विणीचा काळ आला की मध्यम आणि मोठ्या बगळ्याच्या चोची काळ्या होतात! ‘काळी चोच म्हणजे छोटा बगळा, पिवळी चोच म्हणजे बाकीचे’ असं सुटसुटीत पाठांतर ज्या मुलांनी केलेलं असतं त्यांची जुलैत पंचाईत होते. काळ्या चोचीचा पांढरा बगळा तेव्हा तिघांपैकी कुणीही असू शकतो. पिवळी बोटं दिसली तर छोटा. नाही दिसली तर मान आणि फट. चोच अर्धी काळी, अर्धी पिवळी असलेले बगळेही या बदलाच्या काळात दिसतात. म्हणून चोचीचा रंग नोंदवताना शेजारी महिना लिहिलाच पाहिजे. महिना नसेल तर त्या रंगाला अर्थ नाही.

विणीच्या काळात निसर्ग एक जास्तीची खूण देतो : शोभेची पिसं. छोट्या बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात, शिवाय छातीवर आणि पाठीवरही तलम पिसं येतात. मध्यमच्या छातीवर आणि पाठीवर येतात, डोक्यामागे नाहीत. मोठ्याच्या फक्त पाठीवर. हे फळ्यावर तीन आकृत्या काढून दाखवलं तर एका तासात पक्कं होतं.

या पिसांपायी बगळ्यांवर काय वेळ आली होती, तेही जाता जाता मुलांना सांगावं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात बायकांच्या टोप्यांवर ही पिसं लावायची फॅशन होती, आणि पिसं मिळवण्यासाठी ऐन विणीच्या काळात पक्षी मारले जात, कारण पिसं येतात तेव्हाच. मागे घरट्यात पिल्लं उपाशी मरत. इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसन यांनी याविरुद्ध १८८९ मध्ये सुरू केलेल्या गटातूनच पुढे पक्षी रक्षणाची त्यांची मोठी संस्था, रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स, उभी राहिली. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ साली बंदी आली. सिंधमध्ये तर पिसांसाठी बगळे पाळलेही जात होते. इतिहासाच्या तासाला न बसणारी गोष्ट आहे, पण मुलं कान देऊन ऐकतात.

जे बगळे वाटतात आणि फसवतात

काठावर मातकट, रेघारेघांचा, मान खांद्यात ओढून बसलेला पक्षी असतो. जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. तो उठला की एकदम पांढरे पंख उघडतात आणि मुलं ओरडतात, ‘बगळा!’ पुन्हा बसला की पांढरं सगळं गुडूप. ही ढोकरी, म्हणजे पाँड हेरॉन. कुठे याला भुरा बगळा म्हणतात, आणि वंचक असंही नाव आहे, ते कुणी दिलं असेल ते अगदी विचार करून दिलंय. पांढऱ्या पंखांवर मातकट पाठ दिसली की ती ढोकरी. उडतानाच मोजदाद करायची असेल तर एवढं पुरे.

संध्याकाळी थवे डोक्यावरून जातात तेव्हाची खूण वेगळी. बगळ्याच्या कुळातले सगळे पक्षी उडताना मान दुमडून घेतात, छातीपुढे पोटली ठेवल्यासारखी दिसते. बलाक, शराटी आणि चमचा हे पक्षी मान सरळ पुढे ताणून उडतात. पांढरा शराटी आणि चमचा दोन्ही दुरून ‘बगळे’ म्हणून मोजले जातात, त्यांची वजाबाकी या एका खुणेने होते.

कोकणातल्या आणि मुंबई-ठाण्याच्या शिक्षकांना आणखी एक डोकेदुखी आहे. खाडीत आणि समुद्रकाठच्या खडकांवर वेस्टर्न रीफ इग्रेट नावाचा बगळा असतो. तो गडद राखी असेल तर ओळखू येतो, पण त्याचं पांढरं रूपही असतं, आणि ते छोट्या बगळ्याची जवळपास नक्कल असते. चोच जाडसर, किंचित खाली वाकलेली आणि पिवळसर-तपकिरी असेल तर हा असू शकतो. या दोन जातींचा संकरही होतो, त्यामुळे खाडीवर अशा पक्ष्याची जात लिहिण्याचा हट्ट धरू नये. देशावरच्या तळ्यांवर ही चिंता करायचं कारण नाही.

तीन तुतारी

आता लहान पक्ष्यांकडे. नावावरून मुलं हसतात, हसू द्या. जुलै-ऑगस्टपासून उत्तरेकडून हे पाहुणे यायला लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत राहतात. मैनेहून थोडे लहान-मोठे, वरून तपकिरी, खालून पांढरे, चोच सरळ. तिघांचं वर्णन पुस्तकात वाचलं तर एकच वाटतं. तळ्यावर मात्र प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

सामान्य तुतारी सतत शेपूट हलवते. दगडावर उतरली की आधी दोन-चार वेळा मागचा भाग वरखाली, मग पुढचं काम. धोबी पक्षीही शेपूट हलवतो, पण त्याची शेपटी लांब असते आणि हिची आखूड. तुतारीच्या खांद्यापुढे, पंखाच्या बाकापाशी, पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर शिरलेला दिसतो. ही खूण एकदा दिसली की दुसरं काही बघायला नको. उडते ती पाण्याला घासून, पंख खाली बाकवून, थरथर-थरथर आणि मग जरा तरंगत. पंखावर पांढरी पट्टी दिसते, पाठीमागे कंबरेवर पांढरं नसतं.

हिरवी तुतारी हिरवी नाहीच, हे आधी सांगून टाका. नाव पायांच्या हिरवट छटेवरून आणि पाठीच्या काळपट-हिरवट झाकेवरून आलं असावं, पण तळ्यावर ती काळी-पांढरी दिसते. एकटी असते, बहुतेक वेळा ओढ्याच्या डबक्यात, शेततळ्याच्या कोपऱ्यात, कालव्याच्या बांधाशी. आपण दिसलो की चढ्या सुरात ओरडत उठते आणि थेट उंच जाते. तेव्हा पंखांची खालची बाजू काळी आणि कंबर पांढरीशुभ्र दिसते. असा काळ्या-पांढऱ्याचा झटका दुसऱ्या दोघींत नाही. गंमत म्हणजे ही चिखलात राहणारी बाई अंडी घालते झाडावर, दुसऱ्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यांत. अर्थात ते दूर उत्तरेकडच्या जंगलांत, आपल्याकडे नाही.

ठिपकेवाली तुतारी जरा नाजूक, पाय लांब आणि पिवळसर. पाठीवर पांढुरके ठिपके नीट दिसतात. डोळ्यावरची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब जाते. हिरवीची भुवई डोळ्यापाशीच संपते आणि डोळ्याभोवती पांढरं कडं असतं. ही उडाली की कंबर पांढरी दिसते, पण पंखाची खालची बाजू फिकट. भातखाचरं, दलदलीच्या कडा तिच्या आवडीच्या, आणि बरेचदा पाच-दहा जणी एकत्र असतात.

म्हणजे पक्षी उठल्यावर दोन प्रश्न विचारले की तिघी सुटतात : कंबर पांढरी आहे का? नसेल तर सामान्य. असेल तर पंखाखाली काळं की फिकट? मुलांच्या जोड्या करा. एकाने फक्त कंबर बघायची, दुसऱ्याने फक्त पंखाची खालची बाजू. एकाच मुलाला दोन सेकंदांत दोन्ही दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही. मात्र पक्षी उठवण्यासाठी दगड मारायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची ताकद आपल्या पाठासाठी वाया घालवायची नसते. तो आपणहून उठेपर्यंत थांबा, घार आली की सगळेच उठतात.

चिखल्यांबद्दल थोडक्यात. तुतारी चोच खुपसत चालत राहते. चिखल्या पळतो, गप्पकन थांबतो, टोच मारतो, पुन्हा पळतो. डोळे मोठे, चोच आखूड. गळ्यात पूर्ण काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असेल तर छोटा कंठेरी चिखल्या. पट्टा समोर मधेच तुटलेला आणि पाय काळपट असतील तर केंटिश चिखल्या. कंठेरीच्या पिल्लांचाही पट्टा अपुरा असतो, तेव्हा पायांचा रंग आणि डोळ्याचं कडं बघितल्याशिवाय ठरवू नये. आणि लाल पाय दिसले की सगळेच ‘शेकाट्या’ म्हणतात. शेकाट्याचे पाय गुलाबी आणि अंगाच्या मानाने अवाढव्य लांब, चोच सुईसारखी पूर्ण काळी. चोचीचं बूडही लाल असेल आणि उडताना पंखाची मागची कड पांढरी दिसली तर ती लाल पायांची तुतारी.

वर्गाला नेताना

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, १२ तारीख सालिम अलींच्या. शाळेला सहल काढायला तेव्हा निमित्त मिळतं, पण त्या दिवसांत धरणं तुडुंब असतात आणि काठचा चिखल पाण्याखाली असतो. बगळे दिसतील, तुतारी-चिखल्या कमी. त्यांच्यासाठी जानेवारी ते मार्च बरा, जेव्हा पाणी मागे हटतं आणि गाळपेराची जमीन उघडी पडते. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणकडे, किंवा गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला (महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ) जाता आलं तर छानच. पण या पाठाला गावचं तळं पुरतं, आणि एकदाच मोठ्या धरणावर जाण्यापेक्षा त्याच तळ्यावर पाच वेळा गेलेलं जास्त उपयोगाचं. पूर्व विदर्भातल्या शिक्षकांना तर मालगुजारी तलाव दारातच आहेत.

सकाळी सात ते नऊ जा, सूर्य पाठीशी ठेवा. उन्हासमोर उभं राहिलात तर पिवळी चोचही काळी दिसते आणि सगळा पाठ वाया जातो. दुर्बीण एकच असेल तर ८ बाय ४० च्या आसपासची घ्या. जास्त पटीची मुलांच्या हातात थरथरते. धरणाच्या गाळावर वरून सुकल्यासारखा पापुद्रा असतो आणि खाली गुडघाभर चिखल, तेव्हा मुलांना भरावावरूनच बघू द्या. पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत असलेल्या झाडाखाली वर्ग नेऊ नका. मोठी पाखरं घाबरून उठली की अंडी-पिल्लं उघडी पडतात, आणि कावळे टपलेलेच असतात.

वहीत नावाची ओळ सगळ्यात शेवटी ठेवा. आधी तारीख, वेळ, जागा, काय करत होता, मान, चोच, पाय, बोटं, आणि मग नाव. नाव आधी लिहिलं की मुलं उरलेल्या खुणा नावाला जुळवून लिहितात. मोठी माणसंही हेच करतात. शिवाय ‘पांढरा बगळा, जात ठरली नाही’ असा स्वतंत्र रकाना ठेवा आणि त्यात काही लिहिलं म्हणून गुण कापू नका. ई-बर्ड या जगभरच्या नोंदप्रणालीतही अशा अर्धवट ओळखीसाठी वेगळी सोय मुद्दाम ठेवलेली आहे. दूरवर उन्हात उभ्या असलेल्या तीस बगळ्यांपैकी बारांची जात ठरली आणि अठरा त्या रकान्यात गेले, तर ती वही नीट भरलेली आहे.

पालक विचारतात, मोबाईलच्या ॲपमध्ये फोटो टाकला की नाव येतं, मग हे कशाला? ॲप जरूर वापरा, पण मुलाने स्वतःची नोंद लिहिल्यानंतर. ॲपने ‘मध्यम बगळा’ म्हटलं आणि मुलाच्या वहीत ‘फट डोळ्याच्या मागे जाते’ असं असेल, तर फोटो पुन्हा उघडा आणि दोघांपैकी कुणाचं बरोबर ते मुलालाच शोधू द्या. अशा वेळी पोरं अर्धा तास जागची हलत नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलेल्या मुलांना एवढंच काम द्या : तिथल्या तळ्यावर मे महिन्यात कोणते पांढरे बगळे उरलेत, त्यांची मान आणि बोटं कशी आहेत, आणि त्यांच्यापैकी किती जण पाण्यात आहेत व किती गुरांमागे. जूनमध्ये वर्ग भरला की त्या नोंदी फळ्यावर एकाखाली एक लिहा. तोवर गायबगळ्यांची डोकी पिवळी व्हायला लागलेली असतील.